जादाचे पाईप

"उघडू नका. हात भाजंल..."

करंजी घाटाच्या मधल्या वळणावर, ऑक्टोबरच्या उन्हात, माझ्या जिप्सीच्या बॉनेटमधून वाफा निघत होत्या आणि मी शेजारच्या दगडावर बसून पेरू खात होते. रेडिएटरच्या झाकणाला माझा हात लागला नव्हता, लागणारही नव्हता. तरी मागून आलेल्या पिकअपमधून एक जण उतरला आणि त्यानं पहिलं वाक्य हे टाकलं.

"मी काही उघडतेय असं दिसतंय का तुम्हाला?" मी विचारलं.

तो थबकला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग पेरूकडे. "न्हाई... पेरू खाताय."

"मग?"

"मग... तिखटमीठ हाय गाडीत. देऊ का?"

बाईची गाडी रस्त्यात थांबली की सगळा जिल्हा मेकॅनिक होतो, हा माझा अनुभव आहे. त्याच्याआधीही काही जण थांबून सल्ला देऊन गेले होते. एकानं गाडी विकून टाका म्हणून सांगितलं. एकानं विचारलं, घेतली तेव्हा नारळ फोडला होता का. आणि एक काका 'मिस्टर कुठंयत?' असं म्हणून झुडपांत शोधायला लागले होते. त्यामुळे या नव्या माणसासाठी माझ्याकडे फारशी माया उरली नव्हती. पण तिखटमीठ मी घेतलं. पेरू जरा पांचटच होता.

तो उन्हानं रापलेला होता, आणि कपाळावर ग्रीसचा एक डाग होता. डागाचं त्याला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही, कारण तो त्याला शोभत होता.

वाफा कमी झाल्या तसा तो बॉनेटपासून हातभर अंतरावर उभा राहिला आणि म्हणाला, "बघू का?"

असं विचारणारा तो पहिलाच. बाकीच्यांनी सरळ डोकं आत घातलं होतं. मी मान हलवली. त्यानं वाकून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं जाऊन पाहिलं, मग गुडघ्यावर बसून खालून पाहिलं. उठला तेव्हा चेहरा गंभीर होता.

"ताई..."

"ताई नको. मनवा."

"मनवा मॅडम, ही गाडी हाय का गावची पाणीपुरवठा योजना?"

मला हसू आलं, कारण ते खरंच होतं. आधीच्या मालकानं जिप्सीत तिच्या मूळच्या इंजिनापेक्षा मोठं इंजिन बसवलं होतं. नव्या इंजिनाचे पाण्याचे पाईप जुन्या जागेत बसेनात, म्हणून मिळतील ते तुकडे जोडून त्यानं काम भागवलं. गाडी गरम व्हायला लागली. मग मी ती घेतली, आणि प्रत्येक मेकॅनिकनं एकेक भर घातली. एकानं दुसरा रेडिएटर लावला. एकानं विजेवरचा छोटा पंप जोडला. एकानं वर टाकी बसवली. हीटर कधीच काढून टाकलेला होता, पण त्याचे पाईप अजून डॅशबोर्डखालून लांब वळसा घालून यायचे. जितके जोड तितक्या गळत्या, आणि प्रत्येक उंच वळणात हवा अडकून बसलेली.

"समद्यांनी घातलंच," तो म्हणाला. "काढलं कुनीच न्हाई."

"काढायला हिंमत लागते."

"हिंमत माझ्याकडं हाय. गाडी तुमच्याकडं हाय." एवढं बोलून तो स्वतःच दचकला आणि उगाच टायरकडे बघायला लागला. "म्हनजे... केडगावला, पुणे रोडला वर्कशॉप हाय माझं. अमृत नाव."

मी पेरूचा उरलेला अर्धा भाग त्याच्यासमोर धरला. त्यानं घेतला.

* * *

घरी माझ्या लग्नाचंही पाईपांसारखंच चाललं होतं. जो नातेवाईक यायचा तो एक अट जोडून जायचा. मुलगा पुण्याचाच हवा, फ्लॅट स्वतःचा हवा, पत्रिका जुळायला हवी, मुलीनं केस वाढवायला हवेत. नागापूरच्या एमआयडीसीत पंपांच्या कारखान्यात मी डिझाईन विभागात काम करते, मला स्वतःचा पगार आहे, हे कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

माझे बाबा निवृत्त गणिताचे शिक्षक. सगळी गल्ली त्यांना दत्तोपंत म्हणते आणि सगळी गल्ली त्यांना थोडी घाबरते. त्या रात्री जेवताना त्यांनी पापड मोडत सांगितलं, "पुण्याच्या मंडळींचा फोन होता. दिवाळीनंतरच्या रविवारी बघायला येतायत. मुलाच्या वडिलांनी विचारलं, मुलीचा तो गाडीचा छंद लग्नानंतर राहणार नाही ना?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, नाही राहणार."

मी घास खाली ठेवला. "छंद माझा, लग्न माझं, आणि उत्तर तुमचं?"

"मनू, आवाज," आई म्हणाली. माझ्या आईचं नाव लीना, आणि आमच्या घरातलं तापमान आटोक्यात ठेवायचं काम वर्षानुवर्षं तिच्याकडे आहे.

"माझा आवाज एवढाच आहे, आई."

"तू जिला गाडी म्हणतेस," बाबा शांतपणे म्हणाले, "ती चालत घरी येण्यापेक्षा दोरीला बांधून जास्त वेळा आलीय. जी धड जाऊन येत नाही, तिच्यासाठी एवढं चांगलं स्थळ घालवायचं?"

"आणि धड जाऊन आली तर?"

बाबांनी विचार केला. गणिताच्या शिक्षकाला अट घालायला सांगितली की तो खूष होतो. "जामखेडच्याही पुढे जाऊन, न उकळता परत आली, तर गाडीविषयी मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही. पुण्याच्या लोकांनाही तसं कळवीन."

"ठरलं."

मी ठरलं म्हणाले खरी, पण मला नुसती गाडी नको होती. माझ्या वतीनं यापुढे कुणीही, कधीही, कुणालाही उत्तर देऊ नये, एवढं मला हवं होतं. पुढच्या शनिवारी मी जिप्सी घेऊन केडगावला गेले.

* * *

अमृतचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड, समोर लिंबाचं झाड आणि झाडाखाली चहाची टपरी. मी गेले तेव्हा तो एका गाडीखालून पाय बाहेर काढून पडला होता. माझा आवाज ऐकून एवढ्या घाईनं बाहेर आला की डोकं आपटलं.

"लागलं का?"

"न्हाई. सवय हाय."

"डोकं आपटायची?"

"तुमी आल्यावर काय करावं त्याची न्हाई," तो पुटपुटला. मला ऐकू गेलं नाही असं त्याला वाटलं असावं. मी तसंच वाटू दिलं.

त्यानं जमिनीवर खडूनं इंजिन काढलं आणि त्यातून निघणारे सगळे पाईप काढले. फरशी भरून गेली. मग दुसरा खडू माझ्या हातात दिला. "एकेक खोडायचा. जो खोडल तेनं कारन सांगायचं. दुसऱ्याला पटलं तरच खोडायचा."

मी वरची टाकी खोडली. तिच्यामुळे पाणी नुसतं वर जाऊन बसतं म्हणून सांगितलं. पटलं. त्यानं विजेचा पंप खोडला. इंजिनाचा स्वतःचा पंप धडधाकट असताना दुसरा त्याच्याशी भांडत बसतो, असं त्याचं म्हणणं. पटलं. मग दुसऱ्या रेडिएटरवरून आमचं वाजलं. मला तो ठेवायचा होता, त्याला काढायचा होता.

"मोठं इंजिन म्हणजे जास्त उष्णता, जास्त उष्णता म्हणजे जास्त रेडिएटर," मी म्हणाले. "साधा हिशोब आहे."

"पन तो पैल्याच्या म्होरं बसवलाय. वारा आधी त्याला लागतो आन मागच्याला मिळती निस्ती गरम हवा. एक चांगला मोठा बसवा, दोन वाईट काय कामाचे?"

मी जमिनीवर बसून आकडे मांडले. दुपारचा चहा संपला तरी मांडतच होते. शेवटी त्याचंच बरोबर निघालं. मला हरायला आवडत नाही, हे माझ्या तोंडावर दिसत असावं, कारण तो काही न बोलता टपरीवरून माझ्यासाठी क्रीमरोल घेऊन आला.

"हे कशाबद्दल?"

"हिशोब करून ऐकलंत. माझं कुनी हिशोब करून ऐकत न्हाई. एकतर ऐकत्यात, न्हाईतर न्हाई."

क्रीमरोल खाताना माझ्या हाताला कूलंटचा गोडसर वास येत होता. तो समोर उकिडवा बसून खडूच्या रेघांकडे बघत होता, आणि मी... मी त्याच्या मनगटाकडे बघत होते, जिथे त्यानं घड्याळाऐवजी रबरी होजची एक जुनी क्लिप अडकवली होती. असल्या गोष्टी माणसाला आवडू लागल्या की काहीतरी बिघडलंय हे ओळखावं. मी ओळखलं, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गेले.

दिवाळीपर्यंत फरशीवरचं चित्र एवढं साधं झालं की कुणीही एका दमात समजावून सांगावं. पाणी इंजिनातून वर निघतं, रेडिएटरमध्ये गार होतं, खालून परत इंजिनात येतं. इंजिन गार असताना रेडिएटरकडचं दार थर्मोस्टॅट बंद ठेवतो आणि तापलं की उघडतो. बाकी सगळं काढलं. हीटरच्या लांब पाईपांचं तेवढं राहिलं होतं. ज्या शुक्रवारी मला कारखान्यातून निघता आलं नाही, त्या संध्याकाळी अमृतनं तेही एकट्यानं उरकलं आणि मेसेज टाकला, 'झालं. उद्या चांदबीबीच्या डोंगरावर चढवू.'

मेसेजच्या खाली त्यानं एक फूल पाठवलं होतं, मग ते काढून टाकलं होतं. ते काढायच्या आत मी पाहिलं होतं.

* * *

चांदबीबी महालाचा चढ नगरच्या कुठल्याही गाडीची परीक्षा घेतो. आम्ही अर्ध्यापर्यंत झोकात गेलो. परतीच्या पावसाचा एक चुकार ढग डोंगरावर आला होता, भुरभुर सुरू झाली होती, काचा खाली होत्या आणि अमृतचा उजवा कोपर माझ्या डाव्या कोपराच्या इतका जवळ होता की गिअर बदलताना मला थोडी लबाडी करावीशी वाटत होती. मी एक गिअर उगाच बदलला. तो खिडकीबाहेर बघून हसला.

मग तापमानाचा काटा चढला. अगदी एका झटक्यात चढला, आणि पुढच्या वळणावर बॉनेटमधून ओळखीच्या वाफा निघाल्या.

गाडी कडेला घेतली. पावसाचे थेंब बॉनेटवर पडून चर्र आवाज करत होते. निवल्यावर मी बॉनेट उघडलं, आणि हीटरचे पाईप जिथून निघायचे तिथल्या दोन्ही तोट्यांवर मला घट्ट बसवलेल्या काळ्या टोप्या दिसल्या.

"या डम्या तू मारल्यास?" तुम्ही म्हणायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

"व्हय. ठिबकला शेवटी मारतो तशा. पाईप काढला की तोंड बंद करायचं."

"अमृत, हे शेत नाही. हीटर गेला तरी ते पाणी फिरत राहायला हवं होतं. तेच गरम पाणी फिरून थर्मोस्टॅटच्या अंगावर येतं, म्हणून त्याला कळतं की आता दार उघडायचं. तू दोन्ही तोंडं बंद केलीस. त्याच्यापर्यंत गरम पाणी पोचलंच नाही. आत इंजिन पेटलंय आणि दारावरचा गार पडून बसलाय."

तो टोप्यांकडे बघत राहिला. मग डोक्याला हात लावून कठड्यावर बसला. "आमच्या गावाला, खर्ड्याला, पानी सोडलं की ते जातं. परत येत न्हाई. लहानपनापासनं डम्याच मारल्यात मी... परत यायचं असतंय, हे ध्यानातच आलं न्हाई. चुकलो."

इतकं सरळ 'चुकलो' मी आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. माझा राग होता तिथेच विरघळला. टूलबॉक्समध्ये वीतभर वाकडा होज सापडला. त्याचं एक टोक एका तोटीला, दुसरं दुसऱ्या तोटीला. दोघांनी मिळून बसवला. क्लिप आवळायला पाना हवा होता, तो त्यानं दिला, आणि क्लिप कमी पडली तेव्हा मनगटावरची काढून दिली. पाणी भरलं, गाडी सुरू केली, हवेचे बुडबुडे जाईपर्यंत झाकण उघडं ठेवून दोघंही वाट पाहत उभे राहिलो. काटा अर्ध्यावर आला आणि थांबला. आम्ही महालापर्यंत चढून गेलो. काटा तिथून हलला नाही.

वर, ओल्या दगडी कमानीखाली, अमृत म्हणाला, "आता तुमची गाडी कुटंबी जाईल. पुन्याला सुदा."

"पुण्याला कशाला?"

"त्या स्थळाकडं. तुमीच सांगितलं हुतं ना." त्याचा आवाज खाली आला. "चांगलं स्थळ हाय. गाडी ठेवू द्या म्हनावं, बाकी हो म्हनून टाका. तुमच्या मानसांनाबी बरं वाटंल, तुमीबी सुखात..."

"हे तुला कुणी विचारलं?"

त्यानं ओल्या दगडावर नखानं रेघ ओढली.

"बाबा माझ्या वतीनं नाही म्हणतात. तू माझ्या वतीनं हो म्हणतोयस. माझं तोंड काय मी पेरू खायला ठेवलंय?" मला इतका संताप आला होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा आणखी संताप आला. "माझं मी बघेन. तू तुझं बोल. तुला काय वाटतं?"

"मला..." त्यानं दोन्ही हात पँटला पुसले, जणू बोलायच्या आधी ते स्वच्छ हवेत. "मला शनिवार सोडून बाकीचे दिवस नको वाटत्यात. झालं. आता हसा."

मी हसले नाही. पावसाचा आवाज होता, आणि खालून कुणाच्या तरी मोटारसायकलचा.

"पन कसं व्हनार?" तोच पुढे म्हणाला. "आईला शेतात उतरनारी सून पायजे. तुमच्या बाबांना पुन्याचा जावई. जात येगळी, घर येगळं, बोलनं येगळं. किती जोड हायेत बगा मधी. परत्येक जोडातनं गळनार."

"मग जादाचे काढून टाकू."

"आन काय ठेवायचं?"

"तू आणि मी. वीतभर पाईप."

तो माझ्याकडे बघत राहिला. पावसानं त्याच्या पापण्या ओल्या झाल्या होत्या, की आणखी कशानं, ते मी विचारलं नाही. मी त्याचा हात धरला. हात खरखरीत होता, गरम होता, आणि सोडवून घेत नव्हता.

"घरी कुनी इचारलं तर काय सांगू?" शेवटी त्यानं विचारलं.

"सांग, मुलगी बघायला येतेय."

"कुनाला?"

"तुला."

* * *

त्याच संध्याकाळी मी पुण्याच्या मुलाला स्वतः फोन केला. ओम नाव त्याचं, बोलायला सभ्य होता. मी नाही म्हटल्यावर तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला की त्याला तर अजून कुणी विचारलंच नव्हतं, नुसती तारीख कळवली होती. आम्ही दोघंही हसलो.

बाबांना ते लगेच सांगितलं. अमृतचंही सांगितलं, सगळं, काही न लपवता. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आई मध्ये मध्ये मीठ आणून ठेवावं तशी एकेक वाक्य आणून ठेवायची, पण कुणी ते घेत नव्हतं.

ठरलेल्या रविवारी सकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून रिकाम्या दिवाणखान्यात बसले. "घर आवरलंय," ते भिंतीला म्हणाले. "चिवडा केलाय. येणारं कुणी नाही."

"मग आपण जाऊ," मी म्हणाले. "खर्ड्याला. मुलगा बघायला. अमृतला कळवलंय."

"मुलीकडच्यांनी असं जायचं नसतं, मनवा."

"माहितेय. म्हणूनच जायचंय. आणि खर्डा जामखेडच्या पुढे आहे. तुमची अटही पुरी होईल."

बाबा उठले. मला वाटलं, आत जाऊन दार लावून घेतील. पण ते पाण्याचे दोन कॅन, एक छत्री आणि वर्तमानपत्र घेऊन बाहेर आले आणि जिप्सीच्या पुढच्या सीटवर बसले. गाडी चिचोंडीच्या आसपास उकळेल आणि मग झाडाखाली बसवून मला चार शब्द सुनावता येतील, असा त्यांचा बेत असणार. आई चिवड्याचा डबा घेऊन मागे बसली.

चिचोंडी गेलं. बाबांनी वर्तमानपत्र उघडलं नाही. ते काट्याकडे बघत होते. कडा गेलं, आष्टी गेली, ऊन चढलं. जामखेडच्या चढावर त्यांनी पुढे वाकून काट्याच्या काचेवर टिचकी मारली.

"हा काटा बिघडलाय का?"

"नाही, बाबा."

"मग हलत का नाही?"

"हलायचं कारण काढून टाकलंय."

त्यांनी मग कसं ते विचारलं. मी खडूच्या चित्रापासून सांगत गेले आणि ते मध्ये मध्ये शंका काढत गेले, थेट वर्गात मुलांना काढायला लावायचे तशा. दुसरा रेडिएटर का काढला यावर त्यांनी आकडे मागितले. मी दिले. आठवड्याभरानं आम्ही बोलत होतो, हे खर्ड्याचा किल्ला दिसेपर्यंत दोघांच्याही लक्षात आलं नाही.

अमृतचं घर गावाबाहेर, लिंबोणीच्या बागेला लागून. त्याचे वडील नाहीत, घर आईच्या जोरावर उभं आहे. साळूबाई दारातच उभ्या होत्या, पदर खोचून, डोळे बारीक करून. मी ड्रायव्हरच्या सीटवरून उतरले तशा त्यांनी मला चपलेपासून केसांपर्यंत पाहिलं.

"ही गाडी तूच हाकीत आनली?"

"हो."

"नगरवरनं?"

"हो."

"आन आता मपल्या लेकाला बगनार?"

"तुमची परवानगी असेल तर."

"असं कुटं असतंय व्हय, बाई," त्या म्हणाल्या, पण दारातून बाजूला झाल्या.

मग अमृत पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आला. पांढरा शर्ट, भांग पाडलेला, आणि हातातल्या बश्या किणकिणत होत्या. घाटात वाफाळत्या इंजिनाजवळ न घाबरणारा माणूस आमच्यासमोर घामाघूम झाला होता. माझ्या प्रत्येक मैत्रिणीनं असा ट्रे कधीतरी धरला होता, आणि मला त्यांच्यासाठी क्षणभर फार बरं वाटलं.

"बसा," मी म्हणाले. "पोहे तुम्हीच केलेत?"

"व्हय."

"लिंबू घरचं?"

"बागेतलं."

"लग्नानंतर काम सोडणार की चालू ठेवणार?"

साळूबाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. अमृतनं खाली मान घालून "तुमी म्हनाल तसं" म्हटलं, आणि माझ्याकडे असा एक कटाक्ष टाकला की पुढचा प्रश्न मी विसरले.

बाबांनी बशी खाली ठेवली. घसा साफ केला. ते बोलणार म्हटल्यावर आईनं डब्याचं झाकण घट्ट धरलं.

"मला एक विचारायचंय," ते अमृतला म्हणाले. "लग्नानंतर मुलीच्या या गाडीचं काय?"

अमृतनं मान वर केली. तो घाईनं बोलला नाही.

"ते मी कसं सांगू, सर? गाडी त्यांची हाय. त्यांना इचारा."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या लांबलचक नोकरीत असं उत्तर त्यांना फार वेळा मिळालं नसावं. मग त्यांनी बशी पुन्हा उचलली आणि आणखी थोडे पोहे मागून घेतले. "परतीचा रस्ता अजून बाकी आहे," ते मला म्हणाले. "न उकळता परत यायचं ठरलंय." पण आवाजातली धार गेली होती.

साळूबाई पुढे सरकल्या. "आमच्यात बगायला आलेले घरी जाऊन कळवत्यात. तुमी कवा कळवनार?"

पद्धत मला माहीत होती. बघायला आलेल्यांनी पोहे खायचे, गोड बोलायचं, 'कळवतो' म्हणून निघायचं, आणि समोरच्या घरानं फोनकडे डोळे लावून बसायचं. असं कुणाला बसवायला मी आले नव्हते.

"घरी जाऊन नाही," मी म्हणाले. "इथेच सांगते. मला मुलगा पसंत आहे."

बाहेर जिप्सीचं इंजिन निवत टिकटिक करत होतं. बाबा खिडकीबाहेर बघत होते, पण उठून गेले नाहीत. साळूबाईंनी लेकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, "शेतात उतरशील?"

"शिकवलंत तर. मोटर मात्र मी दुरुस्त करीन."

"मोटर तर रोजच जळती," त्या आईला म्हणाल्या, आणि आईनं डबा उघडून चिवडा त्यांच्यापुढे केला. दोघींचं सुरू झालं, बाबांनी चहा मागितला, साखरपुडा खर्ड्याला की नगरला इथपर्यंत गोष्ट गेली.

"मला कुनी इचारलं न्हाई," अमृत म्हणाला.

सगळे थांबले. तो अजून ट्रे मांडीवर धरून बसला होता, आवाज अगदी साधा होता.

"बगायला आले, पसंत केलं, आता सुपारी चाललीय. मी हितंच बसलोय."

माझे कान तापले. चारचौघांत माझ्या वतीनं बोललेलं मला खपत नव्हतं, आणि मी चारचौघांत त्याला पसंत करून मोकळी झाले होते. मी खुर्चीवरून उठले आणि सगळ्यांच्या देखत त्याच्यासमोर जमिनीवर बसले, फरशीवर खडूनं पाईप खोडताना बसायचो तशी.

"अमृत, मी तुला पसंत आहे का?"

त्यानं वेळ घेतला. माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

"कळवतो," तो म्हणाला.

साळूबाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. आई हसायला लागली. बाबाही हसले, मी पाहिलं. मी मात्र जागची हलले नाही, माझी नजर त्याच्यावर, कारण मला त्याचं उत्तर त्याच्याच तोंडून हवं होतं, दुसऱ्या कुणाच्या नाही.

अमृतनं ट्रे बाजूला ठेवला आणि माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसला.

"व्हय," तो म्हणाला. "लई."